फ्लॅशला जॉब्सच्या पत्राने मारलं नाही

‘फ्लॅश झकास चाललं होतं. स्टीव्ह जॉब्सने एक पत्र लिहून ते संपवलं आणि त्याजागी आलेल्या खुल्या मानकांनी नवं काहीच दिलं नाही,’ अशी पोस्ट अधूनमधून फिरत असते. फ्लॅश म्हणजे वेबपानात व्हिडिओ आणि गेम चालवणारं अ‍ॅडोबी कंपनीचं प्लगिन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचा प्रोग्राम. फ्लॅशवर चित्र सरस दिसायचं, आणि खुल्या म्हणवणाऱ्या मानकांतही डीआरएम, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप, आहेच, असंही त्यात असतं.

आधी पत्राचं बघू. आयफोनवर फ्लॅश का नको हे सांगणारं अ‍ॅपलच्या या प्रमुखाचं ते पत्र एप्रिल २०१० चं. वेबपानातच व्हिडिओ चालवणारा टॅग असावा, हे ऑपेरा या ब्राउझर कंपनीने २००७ मध्येच सुचवलं होतं आणि २००९ च्या फायरफॉक्स ३.५ मध्ये तो टॅग चालतही होता. शिवाय अँड्रॉइडवर जॉब्सची सत्ता नव्हती. तिथे फ्लॅश आलं, अडखळलं, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये मोबाइलवरचं फ्लॅश गुंडाळत असल्याचं खुद्द अ‍ॅडोबीनेच जाहीर केलं. पत्र गाजलं खरं, पण दुखणं जुनं होतं.

‘फ्लॅशवर चित्र सरस दिसायचं’ हा दावा तर टिकतच नाही. चित्राचा दर्जा मुख्यतः कोडेकवर (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) आणि बिटरेटवर (दर सेकंदाला किती डेटा) ठरतो. फ्लॅश २००७ च्या अखेरीपासून एच.२६४ हा कोडेक चालवत होतं; तीच फाइल व्हिडिओ टॅगलाही चालते.

‘नवं काहीच नाही’? प्लगिन म्हणजे पानाला पाडलेलं भोक. आत काय चाललंय यावर ब्राउझरचा ताबा नाही. व्हिडिओवर क्लिक करून कंट्रोल-टी दाबा, नवा टॅब उघडायचाच नाही, कारण कळ फ्लॅशने गिळलेली असायची. हे निदान चिडचिडीवर निभावायचं. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या पाळतीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा डेटा फुटला, त्यातून फ्लॅशमधली तोवर कुणाला माहीत नसलेली भगदाडं बाहेर आली आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने काही काळ फ्लॅश अडवूनच ठेवलं. दुरुस्ती करणार कोण, तर एकटी अ‍ॅडोबी.

जुने फ्लॅश गेम गेले, हे दुःख मान्य. त्यातले बरेच आता रफल या फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर चालतात.

राहिला डीआरएमचा टोमणा, आणि तो मात्र वर्मी लागतो. सप्टेंबर २०१७ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ईएमईला, म्हणजे ब्राउझरमधून डीआरएम चालवायच्या मानकाला, मान्यता दिली आणि निषेध म्हणून डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ईएफएफने तिथलं सदस्यत्व सोडलं. कुलूप उघडणारा भाग आजही बंदच आहे. पूर्वी अख्खा प्लेअर बंद पेटीत होता, आता तेवढाच तुकडा आहे, एवढी सुधारणा नक्की झाली. पण नवा ब्राउझर काढणाऱ्याला वाइडवाइन या डीआरएमसाठी गूगलच्या दारात उभं राहावंच लागतं, आणि याला खुलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.