‘जशास तसं’ सर्वोत्तम असल्याचं गेम थिअरीने सिद्ध केलेलं नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गेम थिअरीत (म्हणजे एकमेकांच्या निर्णयांवर अवलंबून असलेल्या डावपेचांच्या गणितात) राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांच्या संगणक-स्पर्धेने ‘जशास तसं’ (आधी सहकार्य, मग समोरच्याने मागच्या फेरीत केलं तेच करायचं) हीच सर्वोत्तम खेळी असल्याचं सिद्ध केलं, गाठ वारंवार पडणार असेल तर सहकार्य आपोआप रुजतं, आणि ते सगळ्यांच्याच भल्याचं असतं. यातलं एकही विधान जसं मांडलंय तसं टिकत नाही. इतक्या देखण्या सिद्धांताचा असा सुविचार झालेला बघवत नाही, म्हणून हे उत्तर.

आधी स्पर्धा. संगणकी खेळ्या दोन-दोन करून एकमेकींशी अनेक फेऱ्या खेळत, आणि दर फेरीत प्रत्येकीने सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवायचं. दोघांनी सहकार्य केलं तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकानेच दिला तर त्याला ५ आणि दुसऱ्याला ०. पहिल्या स्पर्धेत १४ प्रवेशिका होत्या, दुसरीत ६२. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांची ‘जशास तसं’ पहिली आली, हे खरंच आहे. पण ही खेळी समोरच्या कोणालाही गुणांत मागे टाकू शकत नाही, फार तर बरोबरी साधते. ती जिंकली बेरजेवर, आणि बेरीज ठरते मैदानात कोण कोण उतरलंय यावर. लागोपाठ दोन दगे झाल्यावरच उलटणारी सौम्य खेळी पहिल्या स्पर्धेत असती तर तीच जिंकली असती, हे खुद्द अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवलं. दुसऱ्या वेळी जॉन मेनार्ड स्मिथ यांनी ती पाठवली, तर २४वी आली!

शिवाय त्या स्पर्धांमध्ये हात चुकण्याची सोय नव्हती. समजा, ‘जशास तसं’ खेळणारे दोघे समोरासमोर आहेत आणि एकाकडून नकळत दगा पडला. पुढच्या फेरीत दुसरा उट्टं काढतो, पण तोवर पहिला सहकार्यावर परतलेला असतो. मग उट्टं काढायची पाळी पहिल्याची. ५, ०, ५, ० असं चक्र सुरू होतं. आणखी एक चूक झाली की कधी घडी पुन्हा बसते, कधी दोघेही दग्यात अडकतात. चुका अगदी विरळ असल्या तरी अखेरीस चारही स्थिती (दोघांचं सहकार्य, दोघांचा दगा, फक्त पहिल्याचा दगा, फक्त दुसऱ्याचा दगा) सारख्याच वेळा येतात आणि सरासरी २.२५ वर येते. नाणं उडवून खेळणाऱ्या दोघांनाही नेमकं तेवढंच मिळतं. म्हणूनच मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी १९९२ मध्ये अधूनमधून माफ करणाऱ्या उदार खेळीचा अभ्यास पुढे आणला.

आता ‘आपोआप’. शेवटची फेरी कोणती हे दोघांना पक्कं ठाऊक असेल, तर तिथे दगाच फायद्याचा. मग तिच्या आधीच्या फेरीत सांभाळून घेण्यात अर्थ उरत नाही, आणि असं करत तर्क पहिल्या फेरीपर्यंत मागे येतो. शेवट अनिश्चित असेल तर चित्र बदलतं. ‘एकदा दगा दिलास की पुढे कायम दगा’ अशी धमकी असेल, तर फसवणाऱ्याला आज २ गुण जास्त मिळतात आणि त्यानंतर दर फेरीला २ बुडतात. पुढची फेरी होण्याची शक्यता निम्मी किंवा अधिक असली की सहकार्य टिकू शकतं. टिकू शकतं, एवढंच! दोघांनीही कायम दगा देणं हासुद्धा त्याच खेळातला समतोल आहे (म्हणजे एकट्याने वेगळं वागून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती), शक्यता कितीही असो. ‘फोक थिअरम’ नावाने ओळखले जाणारे निष्कर्ष (ड्रू फ्युडेनबर्ग आणि एरिक मॅस्किन यांची १९८६ ची मांडणी त्यांतलीच) हेच सांगतात: भविष्याला पुरेसं वजन असेल तर चांगले, वाईट, मधले असे असंख्य समतोल शक्य होतात. त्यांतला कोणता प्रत्यक्षात येईल, ते प्रमेय सांगत नाही. ते एकमेकांकडून काय अपेक्षा आहे आणि दगा किती लवकर, किती स्पष्ट दिसतो यावर अवलंबून असतं. फिरणाऱ्या मजकुरातून नेमकं हेच गळलं आहे.

राहिलं ‘सगळ्यांचं भलं’. १८८० च्या दशकात शिकागोहून अटलांटिक किनाऱ्याकडे धान्य नेणाऱ्या अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी भाडी ठरवण्यासाठी उघड युती केली होती. कोणी चोरून भाडं कमी केलं तर ते थेट दिसत नसे. आपला वाटा घटला की संशय येई, मग तो योगायोगाने का घटलेला असेना. आणि मग दरयुद्ध पेटे. एडवर्ड ग्रीन आणि रॉबर्ट पोर्टर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अशी दरयुद्धं म्हणजे युती फसल्याचीच खूण असते असं नाही. युती टिकवणारी शिक्षाही तीच असू शकते. कंपन्यांपुरतं हे वारंवार गाठीतून जमलेलं सहकार्यच होतं. धान्य पाठवणाऱ्यांना स्वस्त भाडं मिळे, ते मात्र दरयुद्ध चालू असेपर्यंतच.