शुगरची परीक्षा उपकेंद्रात घ्या

२०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलंय. होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरने सीसीएमपी हा औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला, तर त्याने ॲलोपॅथीची औषधं लिहावीत का, आणि त्याची नोंद मेडिकल कौन्सिलने ठेवावी का? सप्टेंबर २०२५ मध्ये यावरून राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावरही त्या दिवशी जुंपली. माझे मोठे दीर यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतात, एमबीबीएस. पुतण्या होमिओपॅथ. भाऊजी म्हणाले, वर्षभरात सगळं येत असेल तर आम्ही साडेपाच वर्षं काय झक मारली? पुतण्या म्हणाला, काका, तुमच्यातला कोण खेड्यात बसतो ते सांगा. दोघांचंही खरं आहे. मी नर्स, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

मी दक्षिण वेल्समधल्या एका जीपी सर्जरीत काम करते, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात. आमच्याकडच्या मधुमेह्यांची यादी नर्सच्या ताब्यात असते. वर्षातून एकदा प्रत्येकाला बोलवायचं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, वजन, सिगारेटची चौकशी, आणि पाय. बूट-मोजे काढायला लावायचे आणि नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून कळतंय का ते विचारायचं. डोळ्यांच्या पडद्याचे फोटो वेगळी यंत्रणा काढते. गोळी वाढवणं, इन्सुलिन सुरू करणं हे मी स्वतः लिहिते. मधुमेहातला पदव्युत्तर डिप्लोमा आणि प्रिस्क्रायबिंगचा वेगळा अभ्यासक्रम झाल्यावर मला ती मुभा मिळाली. ब्रिटनमध्ये २००६ पासून अशा नर्सेसना आपल्या अभ्यासाच्या कक्षेतलं जवळपास कुठलंही औषध लिहिता येतं. कक्षेबाहेरचा पेशंट आला की मी हात लावत नाही. आणि प्रिस्क्रायबिंग शिकताना शेजारी एक डॉक्टर बसायची. मी पेशंटशी काय बोलते, काय लिहिते, कुठे थांबते हे पाहून तिने शेवटी सही केली. ती सही मिळाली नसती तर लेखी परीक्षेतल्या गुणांना कोणी विचारलं नसतं.

भाऊजींना हे सांगितलं की ते म्हणतात, ‘तुमच्या तिकडचं राहू दे.’ त्यांचंही चूक नाही. वेल्समध्ये २००७ पासून प्रिस्क्रिप्शनवरच्या औषधाला कोणालाच पैसे पडत नाहीत, त्यामुळे इन्सुलिन परवडेल का हे मला पेशंटला विचारावंच लागत नाही. शिवाय इथलंही सगळं आलबेल नाही. हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाची तारीख लवकर मिळत नाही, आणि दहादा बोलावूनही न येणारे महाभाग इथेही आहेत.

आता घरचं बघा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही निघाले १०.१ कोटी. शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९. खेडी बरी म्हणावीत, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच आहे. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे मधुमेह आणि हार्मोन्सचा तज्ज्ञ, व्हायला एमबीबीएस, एमडी, डीएम मिळून साडेअकरा वर्षं लागतात. एवढं करून कोणी घाटंजीला किंवा धानोऱ्याला बसेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तो नागपुरात रामदासपेठेतच बसणार, आणि त्याला त्याबद्दल बोल लावू नये.

मग गावात शुगर कोण बघतं? कागदावर आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, आपल्याकडे बहुतेक बीएएमएस, बोटातून रक्त घेऊन तपासतात, आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतात. प्रत्यक्षात सोयाबीन काढायच्या दिवसांत माणूस उपकेंद्राकडे फिरकत नाही. गोळ्या संपल्या की मेडिकलवाल्याला जुनं पाकीट दाखवतो. बरं वाटलं की सोडूनच देतो. ‘शुगर नॉर्मल आली नं, आता काहून खाऊ गोळी?’ हे आमच्याच नात्यात फोनवर किती जणांकडून ऐकलंय.

माझी चिडचिड होते ती इथे. डॉक्टर कोणाला म्हणायचं यावर संप होतो, पण त्या उपकेंद्रातल्या माणसाला मधुमेहाचं नेमकं काय यायला हवं यावर दोन्ही बाजू गप्प. असं शिक्षण आपल्याकडे नाहीच असं नाही. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया (पीएचएफआय) आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम २०१० पासून चालू आहे, पण तो डॉक्टरांसाठी. बाकी घरबसल्या पदविकांच्या जाहिराती मलाही येतात: व्हिडिओ बघा, चारातला एक पर्याय निवडा, नावापुढे अक्षरं लावा. माझाही डिप्लोमा बराचसा ऑनलाइनच झाला, तेव्हा त्या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. मात्र त्यात शिकलेलं जसंच्या तसं विदर्भात न्यायचं म्हटलं तर पंचाईत होईल.

सिकलसेलचंच घ्या, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार लोकांच्या चांगला ओळखीचा. तीन महिन्यांची शुगर ही तपासणी, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते या हिशेबावर उभी आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी दहा-वीस दिवसांतच मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, म्हणून रिपोर्ट खोटाच कमी येतो. नुसता वाहक असेल तर फरक थोडा, पण काही मशीन तिथेही गडबडतात. उलट अंगात लोह कमी असलेल्या बाईचा आकडा उगाच वर जातो. आमच्या अभ्यासक्रमात हे सगळं एका स्लाइडच्या तळाशी दोन ओळींत उरकलं होतं. गडचिरोलीतल्या आरमोरीत शुगर बघणाऱ्याला ते पहिल्या आठवड्यात माहीत हवं. त्याने तो छापील आकडा बाजूला ठेवून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर बघायला हवी.

इन्सुलिनचंही तसंच. ब्रिटनने ४० युनिटवालं (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) इन्सुलिन १९८३ मध्येच बंद करून टाकलं, त्यामुळे इथे सिरिंज चुकण्याचा प्रश्न कोणी शिकवत नाही. आपल्याकडे बाटली ४० ची आणि पेनातली काडी १०० ची, दोन्ही बाजारात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. ४० ची बाटली केशरी टोपणाच्या सिरिंजने घेतली तर पंधराच्या खुणेला प्रत्यक्षात सहाच युनिट जातात, आणि सगळे म्हणतात इन्सुलिन लागू पडत नाही. उलटं झालं तर अडीचपट जातं, मग माणूस घामाघूम होऊन पडतो. त्यात मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर, फ्रिज असला तरी लाइन गेलेली. एकात एक दोन मातीची भांडी, मधे ओली वाळू, आतल्या भांड्यात बाटली, हा उपाय पेशंटच्या घरी मांडून दाखवता यायला हवा.

पायांबद्दल आम्ही इथे सांगतो, मापाचे बूट घाला, अनवाणी फिरू नका. भाताच्या रोवणीला बांधीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला हे सांगून बघा. तिला, संध्याकाळी पाय धू, कोरडे कर आणि नातवाला तळवे बघायला सांग, एवढंच सांगता येतं, आणि तेवढ्याने पुष्कळ बोटं वाचतात. आणि वजन? मधुमेह म्हणजे सुटलेलं पोट, हे समीकरण सगळ्या पुस्तकांत पक्कं आहे. मेळघाटात काटकुळ्या तरुणाची शुगर चढलेली निघते, तेव्हा त्याला ‘वजन उतरवा’ म्हणणं क्रूरपणा आहे. कुपोषणाशी जोडलेल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत टाइप ५ म्हणून स्वीकारलं. (आमच्या वर्गात दक्षिण आशियाई आहार म्हणून नान आणि बटर चिकनचा फोटो दाखवला होता. राशनचा तांदूळ दोन्ही वेळा खाणारं घर त्यांना कुठून माहीत असणार!)

म्हणून माझं म्हणणं असं की मधुमेहाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम विदर्भातच बेतावा. सेवाग्रामसारख्या ठिकाणी शिकवावा, पदविका नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने द्यावी, आणि प्रवेश नर्स व समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना असावा. औषधांची यादी आखून द्यावी: मेटफॉर्मिन, एखाद-दोन जुन्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, डॉक्टरने सुरू केलेल्या इन्सुलिनची मात्रा कमी-जास्त करणं. गरोदर बाई, लहान मूल, पायाची चिघळलेली जखम दिसली की थेट वर पाठवायचं. परीक्षा हॉलमध्ये न घेता उपकेंद्रात घ्यावी, खऱ्या पेशंटसमोर, आणि परीक्षकाने त्या घरी जाऊन इन्सुलिन कुठे ठेवलंय ते बघावं.

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी गडचिरोली आठवावी. नव्वदच्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला लावलं. गावच्या बाईच्या हातात सुई ही कल्पना तेव्हा भल्याभल्यांच्या पचनी पडणारी नव्हती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या बायकांकडे पदवी नव्हती. नेमून दिलेलं काम, काटेकोर शिक्षण आणि पाठीमागे सतत देखरेख होती. पदवीधर नर्सला तेवढ्याच कडक देखरेखीखाली मेटफॉर्मिन लिहू द्यायला मग आपण का बिचकतो?

भाऊजींचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. देखरेखीची सही त्यांची असणार, आणि काही बिघडलं तर जमाव त्यांच्याच दवाखान्यावर येणार. इथे एप्रिल २०१९ पासून जीपी आणि त्यांच्या नर्सेसच्या कामातल्या चुकांची भरपाई सरकारी योजनेतून होते. माझी डॉक्टर निर्धास्तपणे सही करते त्यात याचाही वाटा आहे. असं कवच नसताना खेड्यातल्या डॉक्टरने दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घ्यावी, असं मी इथे बसून कुठल्या तोंडाने सांगू? ‘शुगर तपासायच्या पट्ट्या वेळेवर न देणारं सरकार भरपाई देणार?’ असं ते विचारतात. डॉक्टरांच्या संघटनेने पुढचा संप करायचाच असेल तर पट्ट्या आणि भरपाई या दोन मागण्यांसाठी करावा. पुतण्यालाही मी सांगितलंय, असा अभ्यासक्रम निघाला तर तुझ्यासाठीही प्रवेश मागू. पण पेशंटसमोर बसून सही मिळवायची ती आम्ही मिळवली तशीच, आणि मधुमेहापुरतीच.