नमस्कार, घर बोलत आहे

अंजर्ल्याचे आमचे घर वर्षातले दहा महिने बंद असते, आणि बंद घराला कुलपाखेरीज आणखी काहीतरी हवे, हे आम्हां भावंडांना डोंबिवलीत चहा पिताना एकाएकी पटले. म्हणून चोराची चाहूल लागताच भोंगा वाजवणारी आणि आम्हांला फोन करणारी यंत्रणा बसवायचे ठरले. ती बसवायला दापोलीहून आलेल्या तरुणाने समजावले की, चोर आधी टेलिफोनची तार कापतो, तेव्हा तारेला पर्याय म्हणून मोबाइल हवाच. आमच्या गावात तार तोडण्याचे काम चोरासाठी कोणी शिल्लक ठेवत नाही. पडणारे माड, वानरे आणि रस्ता रुंद करणारा जेसीबी ते आपापसांत वाटून घेतात. हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग तर दोन मोबाइल लागतील." मी एकावर भागवले.

ज्याला तो 'डायलर' म्हणत होता, तो डबा म्हणजे पोटात सिमकार्ड असलेला, परंतु पडदा आणि बटणे नसलेला मोबाइलच होय. तारेवरून फोन लागला नाही, तर हा डबा सिमकार्डावरून लावणार. वीज गेली तरी यंत्रणा चालावी म्हणून १२ व्होल्टची बॅटरीही होती. (कोकणात पावसाळ्यात 'वीज गेली तरी' ऐवजी 'नेहमीप्रमाणे' असे लिहिले तरी चालते.)

पहिली अडचण भिंतींची निघाली. आजोबांनी उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दीड हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंती बांधल्या, आणि त्यांनी उन्हाबरोबर मोबाइलच्या लहरीही निष्ठेने बाहेर ठेवल्या. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो, तसा तो तरुण एरियल हातात धरून ओटी, माजघर, पडवी फिरला. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून सांगत होत्या, "विहिरीजवळ या, तिथे चार दांड्या मिळतात." पण विहिरीत चोर शिरण्याचा संभव कमी असल्यामुळे आम्ही पोटमाळ्यावर, कौलांच्या अगदी खाली, दोन दांड्यांवर समाधान मानले.

खरा छळ पुढे सुरू झाला. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलेच नाही, तर क्रमांक बंद होऊ शकतो. याचा आमच्यापुरता अर्थ असा की, तीन महिने चोर आला नाही तर चोराची बातमी देणारा फोनच मरणार! यावर तोडगा म्हणून डब्याने दर रविवारी सकाळी 'सर्व ठीक आहे' असा संदेश पाठवावा, अशी व्यवस्था केली. दोन पावसाळे हे संदेश आले. मग एका रविवारी आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की रिचार्जची मुदत संपली होती, आणि ती संपत असल्याच्या सूचना कंपनीने इमानेइतबारे पाठवल्याही होत्या. त्या सगळ्या त्याच सिमकार्डावर, म्हणजे पोटमाळ्यावरच्या, ज्याला वाचायला पडदाच नाही अशा डब्याकडे गेल्या होत्या.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, तेव्हा आमच्या गावात वीज, तार आणि मोबाइलचा टॉवर या तिघांनी एकदमच मान टाकली. पर्यायाला पर्याय नेमताना तिघेही एकाच वाऱ्याच्या तोंडी उभे आहेत, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. वीज आणि टॉवर कित्येक दिवसांनी परतले. तार परतली नाही. यंत्रणेला मात्र ते कोणी सांगितलेले नाही, त्यामुळे ती अजूनही आधी त्या दिवंगत तारेवरून प्रयत्न करते, शिष्टाचारापुरती थांबते, आणि मगच मोबाइलकडे वळते.

अशा स्थितीत गेल्या जुलैत दुपारी अडीच वाजता घरात खरोखरच कोणीतरी शिरले. डब्यात चार क्रमांक भरलेले होते: मी, धाकटा भाऊ, पुण्याची आत्या आणि वहिनी. वहिनी दहा पावलांवर असूनही शेवटी, कारण ते घर आत्याचे माहेर आहे आणि माहेरची चोरी शेजारणीला आधी कळलेली तिला खपली नसती. मी कार्यालयात बैठकीत होतो. पडद्यावर 'घर' असे नाव आले. डोंबिवलीच्या घरचा क्रमांकही मी त्याच नावाने जतन केलेला असल्यामुळे, कोथिंबीर आणायची असेल असे समजून मी फोन कापला. भाऊ गाडी चालवत होता. डब्याने आत्याला झोपेतून उठवले.

डब्यातला निरोप माझ्याच आवाजात होता. "घरात कोणीतरी शिरले आहे. त्वरित लक्ष द्यावे."

"कोण शिरलंय? अरे, तू आहेस कुठे?"

"घरात कोणीतरी शिरले आहे."

"ते कळलं रे! पण कोण?"

"त्वरित लक्ष द्यावे."

हा मुलगा आपणहून इतके शुद्ध मराठी बोलणार नाही, त्याअर्थी त्याच्या गळ्यावर कोणीतरी कोयता धरला आहे, असा निष्कर्ष आत्याने काढला आणि फोन ठेवून सगळ्या नातेवाइकांना कळवले. निरोप पोचल्याची खूण म्हणून एक बटण दाबायचे असते. ते तिने दाबले नाही, म्हणून डबा तिलाच पुन्हा फोन करू लागला, आणि आपण जितका उशीर करू तितका भाचा संकटात खोल जात आहे, अशी तिची खात्री पटत गेली.

बैठक संपवून बाहेर आलो तो सव्वीस फोन येऊन गेलेले दिसले. त्यांपैकी एक वहिनींचा होता. त्यांनाच आधी लावला. "माकडं शिरलीत तुमच्या घरात," त्या म्हणाल्या, "दोन कौलं काढलीत. एक वर बसून वायर चावतंय. हुसकू काय?"

मी सुखरूप आहे, हे आत्याला पटवायला तिला शिवराळ मराठीत चार वाक्ये ऐकवावी लागली. तिने क्रमांक काढून टाकायला साफ नकार दिला. उलट निरोपच सुधारायला लावला. कोण बोलतो ते आधी सांगावे, वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा, प्रकृती विचारावी आणि मग कामाचे बोलावे, अशी तिची शिस्त आहे. त्याप्रमाणे मी निरोप नव्याने भरला. "आत्या, नमस्कार, अंजर्ल्याचे घर बोलत आहे, हा आवाज यंत्रात साठवलेला असून मी स्वतः डोंबिवलीत सुखरूप आहे, तुझे गुडघे कसे आहेत..." डब्यात निरोपासाठी वीस सेकंदांची जागा आहे, आणि ती गुडघ्यांपाशी संपते.