फोंड्याच्या ताईंना उत्तर: खऱ्या खुनांवरच्या कादंबऱ्या मी का वाचते

ताई, तुमची कॉमेंट परत परत वाचली. खाली चार ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: खऱ्या खुनांवर बेतलेल्या क्राइम कादंबऱ्यांवर मी लिहिलं होतं, त्यावर ताई म्हणतात की कुणाच्या घरातली मुलगी मेली त्याची गोष्ट करून विकायची आणि आपण ती पावसाळ्यात पांघरुणात बसून वाचायची हे बरं नव्हे, असलं वाचून मन मुर्दाड होतं, आणि शिरोड्याचं प्रकरण झालेल्या गोव्यातल्या बाईने तरी हे करू नये, ज्यांच्या घरात झालंय त्यांना जाऊन विचारा.

शिरोड्याचं आठवतंय हो, ते कोण विसरेल. २००९ मध्ये महानंद नाईक पकडला गेला आणि मग एकेक करत सोळा बायकांच्या खुनांचे आरोप पुढे आले, पार १९९४ पासूनचे. हुंडा नको, लग्न करतो म्हणायचं, सोनं घालून ये म्हणायचं आणि ओढणीने गळा आवळून दागिने घेऊन जायचं. गरीब घरातल्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुली. सगळे पेपर त्याच्याच फोटोने भरलेले, आणि आजही कुणालाही विचारा, त्याचं नाव सांगतील, त्या सोळातलं एक नाव सांगता येणार नाही.

मला ह्या प्रकरणात आजपर्यंत छळतं ते त्या माणसाचं डोकं नाही, छळतात ती मधली पंधरा वर्षं. एवढ्याशा गोव्यात, जिथे बाजारात गेलं तरी दहा ओळखीचे भेटतात, तिथे मुली एकेक करून नाहीशा होत होत्या आणि कित्येक घरांनी धरून चाललं होतं की पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली, आता कुठेतरी संसार करत असेल, आणि बदनामी नको म्हणून जास्त विचारायचं नाही. आणि शेवटी तो सापडल्यावरही कितीतरी खटल्यांत सुटलाच, कारण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही आणि इतक्या वर्षांनी दुसरा पुरावा आणणार कुठून. काहींत जन्मठेप झाली, पण बाकीच्या घरांना काय मिळालं?

हे सगळं तेव्हा मी वाचलं होतं, पण पंधरा वर्षं कोण काय करत होतं हा प्रश्न माझ्या डोक्यात नीट शिरला तो डेव्हिड पीसच्या कादंबऱ्या वाचताना. त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या आहेत. तिथे पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० मध्ये तेरा बायका मारल्या, पोलिसांनी त्याला नऊ वेळा चौकशीत भेटून सोडून दिलं, एका खोट्या टेपवर विश्वास ठेवून भलत्याच भागातला उच्चार असलेला माणूस शोधत बसले, आणि मेलेल्या बायकांमध्ये धंदा करणाऱ्या वेगळ्या आणि ‘निष्पाप’ वेगळ्या अशी वाटणी करत होते. पीसच्या पुस्तकांत खुनी जवळजवळ दिसतच नाही, सडलेलं पोलीस खातं आणि गावाचं गप्प बसणं दिसतं, वाचताना मळमळतं, आणि मळमळायलाच हवं असं मला वाटतं. त्यानंतर माझं मन मुर्दाड झालं नाही ताई, उलट पेपरात आतल्या पानावर बेपत्ताची ती बारीक जाहिरात असते ना, उंची, रंग, अंगावरचे कपडे, ती मी आता पूर्ण वाचते, आधी पान उलटायचे.

ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा, हे मात्र तुमचं खरंच बोचलं. पण लिहिणाऱ्यांतलेही काही त्याच घरातले असतात. अमेरिकन क्राइम कादंबरीकार जेम्स एलरॉय दहा वर्षांचा असताना, १९५८ मध्ये, त्याच्या आईचा खून झाला, खुनी कधीच सापडला नाही. आईबद्दल लिहिणं त्याला बरीच वर्षं जमलं नाही, आधी त्याने लॉस एंजेलिसमध्ये १९४७ साली मारलेल्या दुसऱ्या एका मुलीवर, एलिझाबेथ शॉर्टवर कादंबरी लिहिली, ती १९८७ मध्ये आली आणि आईला अर्पण केलेली आहे. पुढे निवृत्त डिटेक्टिव्हला बरोबर घेऊन आईची केस परत उकरून काढली, तरी हाती काही लागलं नाही. आता शॉर्टच्या घरच्यांना ती कादंबरी कशी वाटावी? आपलं दुःख दुसऱ्याच्या मुलीच्या प्रेतावर मांडायचा हक्क त्याला होता का? मी ह्यावर खूप विचार केलाय आणि माझं ठाम उत्तर नाही, तरी ते पुस्तक लिहिलं गेलं ह्याचं मला बरंच वाटतं.

जिथे तुमच्याशी शंभर टक्के पटतं तेही सांगते. खुनी किती हुशार, किती थंड डोक्याचा, त्याचे डोळे कसे, अशी आरती ओवाळणारी पुस्तकं मी अर्ध्यात बंद करते. बाई पहिल्या पानावर मरायलाच आणलेली आणि पुढे तिला आई नाही, मैत्रीण नाही, उधारी नाही, काही नाही, तेही बंद. जखमांचं वर्णन चवीने केलेलं असेल तर विचारूच नका. ओटीटीवर ह्याचा सुकाळ झालाय आणि जेवताना लोक ते बघतात, त्याचा मलाही राग येतो.

तुम्ही शेवटी विचारलंत, उद्या शिरोड्यावर कुणी कादंबरी काढली तर वाचाल का? वाचेन, पण कसली त्यावर आहे. मुलगी परत आली नाही त्या रात्री घरात काय झालं, बाप पोलीस स्टेशनात गेला की लाजेने गेलाच नाही, शेजारणी काय बोलल्या, धाकटीचं लग्न त्यापायी अडलं का, ते सोनं विकत घेताना समोरच्याने काय विचारलं, हे ज्यात असेल ती मी विकत घेऊन वाचेन आणि तुम्हालाही देईन. खुन्याची रिक्षा, ती ओढणी आणि त्याचं हसणं एवढंच असेल तर हात लावणार नाही. आणि लिहिणाऱ्याने आधी त्या घरांत जाऊन बसावं, विचारावं, आणि नको म्हणाले तर ते घर सोडून द्यावं, ह्यावर आपलं दोघींचं एकमत आहे असं मी समजते. नसेल तर परत लिहा.