खुब्यातला दांडा: फॉरवर्ड काय सांगतो आणि नोंदी काय सांगतात

खुब्याचं ऑपरेशन ठरलं की फोनवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा तोच. सिमेंटचा स्टेम म्हणजे जुनाट तंत्र, तो सुटतो. खडबडीत पृष्ठभागाचा, हाडाइतकाच लवचिक, छोटा, सुट्या भागांतून जुळवता येणारा नवा स्टेम घ्या. तो आयुष्यभर टिकतो. डॉक्टरांकडे तोच मागा.

स्टेम म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवायचा धातूचा दांडा. त्याच्या मानेवर नवा गोळा बसतो आणि तो गोळा कंबरेच्या हाडातल्या खोबणीत बसवलेल्या कपात फिरतो. या दांड्याच्या रचनेने निकालात फरक पडतो, एवढं मजकुरात बरोबर आहे. तो कसा पडतो, हे मात्र जवळपास प्रत्येक वाक्यात चुकलंय.

"सिमेंट जुनं झालं, ते सुटतं."

जुनं आहे खरं. शल्यविशारद जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनचा, म्हणजे एका प्लॅस्टिकचा, कप असलेला सांधा बसवायला सुरुवात केली, तीही सिमेंटनेच. पण हे सिमेंट गोंद नव्हे. ते चिकटवत नाही, हाडाच्या जाळीत शिरून घट्ट होतं आणि मधली जागा भरून काढतं. लादीखाली गवंडी माल भरतो, तसं.

पुढे काही वर्षांनी दांड्याभोवतीचं हाड विरघळायला लागलं, तेव्हा दोष सिमेंटवर गेला. या प्रकाराला चक्क 'सिमेंटचा आजार' असं नाव पडलं होतं. मग सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यांतही हाड तसंच विरघळताना दिसलं आणि नाव फसलं. बराचसा दोष कपाच्या पॉलिथिलीनच्या झिजेतून सुटणाऱ्या बारीक कणांचा होता. गेल्या पंचवीसेक वर्षांत जास्त टिकाऊ पॉलिथिलीन आल्यावर ही झीज खूप कमी झाली. म्हणजे दांड्याच्या नावावर मांडलेला हिशेब पुष्कळदा कपाचा होता.

वय वाढलेल्या, हाड ठिसूळ झालेल्या माणसांच्या बाबतीत तर मजकुराचा सल्ला थेट उलटा पडतो. सिमेंटविना बसणारा दांडा हाडात ठोकून घट्ट अडकवावा लागतो. पातळ हाड त्या ठोक्याने किंवा नंतरच्या एखाद्या पडण्याने तडकतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत खुब्याशी हाड मोडलेले, साठी ओलांडलेले १,२२५ रुग्ण होते. दांड्याभोवती पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के होतं. ती शस्त्रक्रिया अर्ध्या सांध्याची होती, कप बदललेला नव्हता. पण दांडा आणि हाड यांचं नातं तिथेही तेच. सिमेंट भरताना क्वचित रक्तदाब एकदम कोसळतो, म्हणून भूलतज्ज्ञ त्या मिनिटांत डोळ्यांत तेल घालून असतात. तो धोका खराच आहे. तरुण, दणकट हाडात बिनसिमेंटचे दांडे उत्तम चालतात, हेही खरं. पण यातून 'सिमेंट वाईट' हा निष्कर्ष निघत नाही.

"पृष्ठभाग जितका खडबडीत, तितकी पकड पक्की."

या वाक्यावर थोडं थांबतो, कारण ते ऐकताक्षणी पटतं. १९७६ साली ते चांगल्या जाणत्या लोकांनाही पटलं होतं.

इंग्लंडमधल्या एक्झिटरला शल्यविशारद रॉबिन लिंग आणि अभियंते क्लाइव्ह ली यांनी सिमेंटमध्ये बसवायचा एक दांडा तयार केला आणि १९७० पासून तो वापरात आला. खाली निमुळता होत जाणारा, आरशासारखा पॉलिश केलेला. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग मंद, म्हणजे किंचित खरखरीत केला गेला. आकार जवळपास तोच राहिला, चकाकी गेली. पुढच्या वर्षांत हे खरखरीत दांडे सैल होण्याचं, त्यांच्याभोवती हाड झिजण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं. १९८६ मध्ये पॉलिश परत आणलं गेलं आणि निकालही परत सुधारले.

झालं असं की गुळगुळीत निमुळता दांडा सिमेंटमध्ये सुरुवातीला मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली सरकतो आणि पाचरीसारखा आणखी घट्ट बसतो. हे सरकणं बिघाड नाही, तीच त्याची पद्धत आहे. तोच पृष्ठभाग खरखरीत केला की दांडा सरकायला जातो, पण सरकताना कानशीसारखं सिमेंट घासतो. त्याचा चुरा होतो, त्या वाटेने द्रव हाडापर्यंत पोचतो आणि पुढचं नुकसान सुरू होतं.

आणि बिनसिमेंटच्या दांड्याला मात्र खडबडीत पृष्ठभाग हवाच, कारण तिथे हाडाने त्याच्यात वाढून यायचं असतं. त्यासाठी दांडा हाडात अगदी स्थिर लागतो. हालचाल ४०-५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड रुजतं. दीडशेच्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि दांडा डुगडुगत राहतो.

मानेखालच्या कॉलरचंही तसंच. बिनसिमेंटच्या काही दांड्यांना ही छोटी कड असली तर सुरुवातीच्या काळात हाड मोडण्याचं प्रमाण कमी दिसतं, असं राष्ट्रीय नोंदींच्या, म्हणजे देशभरात बसवलेल्या सांध्यांच्या नोंदवह्यांच्या, अभ्यासांतून पुढे आलं आहे. तीच कड एक्झिटरच्या पाचरीला लावली तर ती पाचर खाली बसूच शकणार नाही. 'कॉलर चांगली की वाईट' हा प्रश्न दांड्याचं नाव घेतल्याशिवाय विचारताच येत नाही.

"हाडाइतकाच लवचिक दांडा घ्या, म्हणजे हाड झिजणार नाही."

यामागची काळजी खोटी नाही. हाडावर भार आला नाही तर ते पातळ होतं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा हाडाच्या सहा-सात पट आणि कोबाल्ट-क्रोमचा त्याच्याही दुप्पट. त्यात ताठ दांडा भार स्वतःच खाली नेतो आणि वरचं हाड रिकामं बसतं. जाडीही मोजायला हवी. भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १२ मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटर घेतला की तो जवळपास अडीच पट होतो. काहींना होणाऱ्या मांडीच्या दुखण्याशी याचा संबंध जोडला जातो.

मग मऊ दांडा का नको? १९७० च्या दशकात प्लॅस्टिकमध्ये मढवलेले लवचिक दांडे वापरून झाले. ते बऱ्याच संख्येने सैल झाले. लवचिक दांडा भार वरच्या टोकालाच उतरवतो, तिथे हाड आणि दांडा यांच्यातला ताण वाढतो, हालचाल वाढते आणि हाड रुजायच्या आधीच पकड जाते. एक्स-रेमध्ये हाड थोडं पातळ दिसणं आणि दांडा सुटणं यातलं दुसरं जास्त महागात पडतं.

"छोटा दांडा म्हणजे हाड वाचलं."

काही छोट्या दांड्यांचे निकाल चांगले आहेत. पण 'छोटा' या एका शब्दाखाली मांडीच्या हाडाच्या मानेतच अडकणारे, त्या मानेसह वरच्या भागात बसणारे आणि लांब दांड्याचं नुसतं शेपूट कापलेले असे वेगवेगळे प्रकार येतात. एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय ते सगळे वरच्या हाडाच्या बळावर उभे असतात, आणि वय झाल्यावर नेमकं तेच हाड कमजोर असतं.

"सुटे भाग जुळवता येतात, म्हणून अचूक बसतो."

दांड्यापासून वेगळी मान हे याचं टोक. कल्पना आकर्षक होती: मानेचा कोन आणि पायाची लांबी टेबलावरच जुळवायची. प्रत्यक्षात प्रत्येक जोड म्हणजे धातूवर धातू घासायची नवी जागा. टायटॅनियमच्या दांड्यात कोबाल्ट-क्रोमची मान बसवलेल्या रिज्युव्हनेट आणि एबीजी-टू या प्रणाली त्या जोडावरच्या गंजामुळे आणि घासण्यामुळे २०१२ मध्ये कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. जुन्या, एकसंध दांड्यांना ही अडचण नव्हतीच. त्यांचा जोड फक्त गोळ्याशी.

"आयुष्यभर टिकतो."

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राष्ट्रीय नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकलेले दिसले. हे आकडे अर्थातच जुन्या दांड्यांचे आणि जुन्या कपांचे आहेत. आजच्या नव्या दांड्याबद्दल २५ वर्षांचा आकडा कुणाकडेच नाही, कारण २५ वर्षं झालेलीच नाहीत. आणि सांधा बदलावा लागतो तो दांड्यामुळेच असंही नाही. जंतुसंसर्ग आणि गोळा कपातून निसटणं ही मोठी कारणं आहेत.

"डॉक्टरांकडे तोच मागा."

डॉक्टरांनी वर्षात दोनदाच बसवलेला दांडा केवळ तुमच्या आग्रहापोटी बसवला, तर रचनेचा जो काही फायदा असेल तो तिथेच संपला. त्यापेक्षा दांड्याचं पूर्ण नाव विचारा. दहा वर्षांचे निकाल एखाद्या राष्ट्रीय नोंदणीत आहेत का, विचारा. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ पासून दहा वर्षांत ५ टक्क्यांहून जास्त सांधे पुन्हा बदलावे लागू नयेत अशी रेषा आखली आहे, आधी ती १० टक्के होती. आणि तुमचं हाड एक्स-रेमध्ये जाड भिंतीचं दिसतं की पातळ, तेही विचारा. सिमेंट घ्यायचं की नाही, याचं निम्मं उत्तर त्या तिसऱ्या प्रश्नात असतं, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तुमचा एक्स-रे पाहिलेला नसतो.