पट्टी उतरवणं ही पळवाट कशी, काका?

नमस्कार काका,

तुम्ही तुमच्या प्रतिक्रियेची 'मुली' म्हणून सुरुवात केलीत, तेव्हा मीही काकाच म्हणते. गेल्या लेखात मी लिहिलं होतं की कराओकेवर गाणाऱ्यांनी आधी आपली पट्टी, म्हणजे आपला 'सा' धरायची उंची, शोधावी आणि काही महिने तरी रोज सकाळी खर्ज लावावा, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करावा. त्यावर तुमचं म्हणणं असं: तुम्ही गाण्याचे क्लासवाले कराओकेला तुच्छ लेखता. गाणं मूळ पट्टीत म्हणण्यातच खरा कस आहे, राम मराठ्यांसारख्या गवयाच्या ठाण्यात बसून पट्टी उतरवायचे सल्ले कसले देता? आणि साठीनंतर खर्ज लावून आम्हाला कुठे गडकरी रंगायतनला मैफल करायची आहे?

तुच्छ वगैरे मुळीच लेखत नाही. घोडबंदरच्या क्लबहाउसांमधून शनिवारी संध्याकाळी जे सूर येतात, त्यांत माझेही विद्यार्थी असतात. शिवाय ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. तबलजी सांभाळून घेतो, ट्रॅक नाही घेत. लयीला पक्कं व्हायला कराओके उत्तम, हे मी क्लासमध्येही सांगते.

भांडण आहे ते पट्टीवर. मूळ पट्टी म्हणजे काय हो? संगीतकारानं समोरच्या गायकाचा किंवा गायिकेचा गळा बघून ठरवलेली जागा. ती 'गाण्याची' पट्टी नसतेच, त्या गळ्याची असते. तेच गाणं दुसऱ्या कोणाकडून गाऊन घ्यायचं असतं तर त्याच संगीतकारानं दोन पट्ट्या इकडेतिकडे करायला मागेपुढे पाहिलं नसतं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्याला दंडात घट्ट होतो म्हणून कोणी आपल्याला भित्रा म्हणत नाही.

राम मराठ्यांचं नाव काढलंत ते बरं झालं. मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे वर्षानुवर्षं तालीम घेतलेला तो गळा. पण ती तालीम कोणाच्या तरी पट्टीला जाऊन भिडण्यासाठी नव्हती. आणि गंगूबाई हनगल आठवा. घशावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज खाली आला, भारदस्त झाला. त्या तिथूनच गायल्या, पुढची कित्येक दशकं, किराणा घराण्याचा अख्खा ख्याल. त्यांना कोणी पळवाट काढली म्हणालं नाही. संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळात उंच पट्टीला मान होता हे खरं. पण तेव्हा माईक नव्हते आणि शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं होतं. तुमच्या हातात तर कॉर्डलेस माईक असतो.

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: 'शनिवारी गायलो की रविवारी आवाज बसतो, ते चालायचंच.' नाही चालायचं, काका. वरचा सूर लावताना स्वरतंतू ताणले जातात, पातळ होतात. त्या ताणण्याला प्रत्येकाची एक हद्द असते. ती संपली की माणूस श्वासाचा धक्का देतो आणि गळा आवळतो. मग स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, सुजतात, नीट मिटत नाहीत, आणि रविवारी सकाळी चहा मागताना नुसती हवा येते. पुढच्या वेळी आरशासमोर अंतरा म्हणून बघा. तारसप्तकातला, म्हणजे वरच्या सप्तकातला, गंधार आला की हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा दिसायला लागतात आणि 'आ'चा 'ॲ' होतो. हे दिसलं की समजायचं, पट्टी तुमची नाही.

पट्टी शोधताना लोक फक्त 'सा' बघतात, तिथेच गडबड होते. गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर बघा. मुखडा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला टेकत असेल आणि अंतरा तार गंधारापर्यंत जात असेल, तर ती पावणेदोन सप्तकं झाली. ती तुमच्या गळ्यात कुठे बसतात ते पेटीवर तपासा. खालचा सूर नुसता श्वास होऊ नये आणि वरचा ओरडा होऊ नये, अशी जी जागा सापडेल ती त्या गाण्यापुरती तुमची पट्टी. दुसऱ्या गाण्याला ती वेगळी निघेल. ट्रॅक दोन-तीन पट्ट्या खाली घेतला तर चालतो; त्याहून खाली नेला की वाद्यं विचित्र वाजायला लागतात. तिथे सरळ दुसरं गाणं निवडावं.

एका पट्टीत दोघांना जमत नाही, ही काकूंबरोबरच्या द्वंद्वगीतांची अडचण मात्र खरीच आहे. पुरुष साधारण पेटीवरच्या काळी एकला गातो आणि बाई काळी चारला, म्हणजे त्याचा पंचम तो तिचा षड्ज. एका पट्टीत दोघांनी गायचं म्हटलं की एकाची तरी ओढाताण होणारच. पंडित जसराजांनी 'जसरंगी' या जुगलबंदीत यावर काय सुंदर तोडगा काढला! गायक आणि गायिका दोघंही आपापल्या पट्टीत, मूर्च्छनेच्या हिशोबानं, म्हणजे त्याच सुरांत 'सा' वेगळ्या जागी धरून, दोन वेगळे राग एकाच वेळी गातात. आपल्याला ते झेपणारं नाही. पण तुम्हा दोघांच्या बाजूनं एक गोष्ट आहे: वयानुसार पुरुषांचा आवाज थोडा वर सरकतो आणि बायकांचा खाली येतो. द्वंद्वगीतांसाठी साठी हे मुळीच वाईट वय नाही.

पण वय काही काढूनही घेतं, म्हणूनच तर खर्ज. स्नायू वयानुसार बारीक होतात, दमसास कमी होतो, आणि ते जितकं टिकवता येईल तितकं हळू, खालच्या, लांब सुरांनी टिकतं. गडकरीच्या मैफलीशी त्याचा काही संबंध नाही. सकाळी पंधरा मिनिटं, फोनवर तानपुरा लावून, तोंड मिटून गुणगुणत सुरू करायचं आणि मग 'आ'कारात खाली मंद्र पंचमापर्यंत उतरायचं. जोर अजिबात नको. खर्जाचा आवाज शेजारच्या फ्लॅटमध्ये जात नाही, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारही येत नाही.

एक करा. येत्या शनिवारी तेच गाणं आधी मूळ पट्टीत आणि मग दोन पट्ट्या खाली म्हणा, दोन्ही फोनवर रेकॉर्ड करा आणि कुठलं कुठल्या पट्टीतलं ते न सांगता काकूंना ऐकवा. त्यांना कुठलं आवडलं ते इथेच कळवा. आणि आवाज बसलेला तीन आठवड्यांत सुटला नाही, तर माझ्या ब्लॉगवर भांडत बसू नका, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा.