सोलर बसवलं, तरी बिल शून्य का नाही?

परवा शेजारच्या काकूंनी आमचं लाईटबिल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, गच्चीभर सोलर लावलंस, आणि तरी दीडशे रुपये?" दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आज लिहितेच.

आमचं सोलर 3 किलोवॅटचं. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळालं, उरलेल्याला कर्ज काढलं. बसवणारा 'बिल शून्य' म्हणाला होता. 'स्थिर आकार' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. एक युनिटही घेतलं नाही तरी हा आकार लागतो, वर त्यावर 16 टक्के वीज शुल्क. थ्री फेज असेल तर तो सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त. आकाराला माझा विरोध नाही. रात्री आमचा फ्रिज त्याच तारेवर चालतो, खांब आणि डीपी सांभाळायला पैसा लागतोच. पण कर्ज काढणाऱ्याला हे आधी सांगायला नको?

खरा जीव आहे तो युनिटांच्या जमाखर्चात. भर दुपारी पॅनेल जोरात चालतात तेव्हा आम्ही सगळे कामावर. ती वीज बाहेर जाते, आणि संध्याकाळी आम्ही घेतो त्यातून वजा होते, युनिटाला युनिट. बॅटरी न घेता सोलर परवडतं ते एवढ्यामुळेच.

त्यात आपला कोल्हापूरचा पाऊस! मे महिन्यात आमच्याकडे दिवसाला 12-13 युनिट होतात. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडते, राजाराम बंधारा पाण्याखाली जातो, तेव्हा कधीकधी 4 सुद्धा होत नाहीत. तेव्हा उन्हाळ्यातले जमा युनिट कामी येतात. पण 31 मार्चला खातं बंद होतं. उरलेले युनिट पुढे जात नाहीत, वीज कंपनी ते बऱ्याच कमी दराने विकत घेते. म्हणजे एप्रिल-मेचं ऊन पावसाळ्याला पुरतं, फेब्रुवारी-मार्चचं जादा ऊन स्वस्तात जातं. म्हणून गच्ची मोठी आहे म्हणून मोठं सोलर घेऊ नका. आधी बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा.

हा युनिटाला युनिट हिशोब बदलूही शकतो. कॅलिफोर्नियात 15 एप्रिल 2023 पासून अर्ज केलेल्यांना बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे 75 टक्क्यांनी कमी झाला. पण आधीच्यांना बसवल्यापासून 20 वर्षं जुनाच हिशोब ठेवला. आपल्याकडेही दिवसा बाहेर दिलेली वीज स्वस्त धरायची चर्चा अधूनमधून निघते. नवे नियम नव्यांसाठी करा. ज्याने आजचा हिशोब बघून पाच-सात वर्षांचा हप्ता अंगावर घेतला, त्याचा हिशोब मध्येच बदलणं हा सरळ अन्याय आहे.

मी दर महिन्याच्या 1 तारखेला नेट मीटरवरचे आयात (आम्ही घेतलेली वीज) आणि निर्यात (बाहेर दिलेली वीज) आकडे वहीत लिहिते आणि बिलाशी ताडून बघते. एकदा निर्यातीचा रकाना कोराच आला होता. वही होती म्हणून दुरुस्ती झाली. काकूंचं सोलर पुढच्या महिन्यात बसतंय, त्यांना कालच वही आणून दिली.